युद्धानंतरची घरबांधणी: पाडण्याआधी तपासा, ढिगारा वाया घालवू नका, घर राहणाऱ्याच्या हाती द्या

प्रश्न असा आहे: युद्धात शहर उद्ध्वस्त झालंय, लाखो माणसं उघड्यावर आहेत, अशा वेळी पर्यावरणपूरक बांधकामाचा आग्रह धरणं योग्य आहे का? आधी सिमेंट-सळईने झटपट घरं उभी करावीत आणि शाश्वततेचं नंतर सवडीने बघावं, यात चूक काय?

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. मोडलेल्या इमारतींची तपासणी, दुरुस्ती आणि पुनर्बांधणी हेच माझं काम. माझं उत्तर सरळ आहे: असा आग्रह धरायलाच हवा, आणि तो धरला तर घरं लवकर उभी राहतात.

पर्यावरणपूरक पद्धत म्हणजे वेळखाऊ पद्धत, हे प्रश्नात गृहीत धरलेलं आहे. पण भिंत मातीची की सिमेंटच्या ब्लॉकची, यावरून घरं रखडत नाहीत. ती रखडतात कारण ढिगारा जागेवरून हलत नाही. सिमेंट आणि पोलाद बंदरात किंवा सीमेवर अडकतं आणि त्याचे भाव कडाडतात. गवंडी परागंदा झालेले असतात. जमीन कोणाची हे कागदावर सिद्ध होत नाही. बाहेरून येणाऱ्या मालावर आणि बाहेरून येणाऱ्या ठेकेदारावर भिस्त जितकी जास्त, तितकं काम अडण्याची भीती जास्त. जागेवरचा माल, जागेवरचे हात आणि जागेवरचं शिल्लक बांधकाम वापरणं ही पर्यावरणाची गरज आहे, तशीच वेगाचीही आहे.

सगळ्यात मोठा निर्णय पहिल्या काही आठवड्यांत होतो आणि तो बहुतेक वेळा घाईत होतो: कुठली इमारत पाडायची. युद्ध थांबलं की बुलडोझर आधी येतात. त्यामागची कारणं समजू शकतात. रस्ते मोकळे करायचे असतात, लोकांना भीती वाटते, आणि पाडलेल्या इमारतींचा आकडा अहवालात उठून दिसतो. पण गोळ्यांनी चाळण झालेली इमारत दिसते तितकी मोडलेली असेलच असं नाही. आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, सांगाड्याच्या इमारतीत भिंती वजन पेलत नाहीत. कॉलम, बीम आणि पाया शाबूत असेल तर चारही भिंती उडाल्या तरी घर वाचवता येतं. बहुमजली इमारतीत सिमेंट आणि पोलादाचा मोठा वाटा पायात आणि सांगाड्यातच गेलेला असतो. तो वाचला तर तेवढा कार्बन वाचतो, तेवढे ट्रक वाचतात, आणि कुटुंब कित्येक महिने आधी स्वतःच्या छपराखाली येतं.

या सगळ्याच्या आधी स्फोटकं निकामी करणाऱ्या पथकाने जागा तपासलेली असली पाहिजे. यात तडजोड नाही. जर्मनीत दुसऱ्या महायुद्धातले न फुटलेले बॉम्ब आजही पाया खोदताना सापडतात आणि आसपासच्या वस्त्या तात्पुरत्या रिकाम्या कराव्या लागतात. ताज्या ढिगाऱ्यात काय काय असेल याची त्यावरून कल्पना करा.

त्यानंतर तपासणी. ती कशी होते ते जरा तपशिलात सांगतो, कारण सरसकट पाडापाडी थांबवण्याचा खरा आधार हाच आहे. आधी टेकू लावायचे आणि मगच आत शिरायचं. हातात लागतं ते फार थोडं: हातोडी, छिन्नी, ओळंबा, टॉर्च. कॉलमवर वरपासून खालपर्यंत हातोडीने हलके ठोके देत यायचं. खणखणीत आवाज आला तर आतलं काँक्रीट एकसंध आहे. बद्द, पोकळ आवाज आला तर वरचा थर सुटलेला आहे. आग लागून गेलेल्या घरात रंग बघायचा. बऱ्याच प्रकारच्या खडीचं काँक्रीट साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं की त्याला गुलाबी छटा येते. ६०० च्या पुढे ते पांढुरकं, राखाडी होतं आणि छिन्नीखाली भुगा होऊन पडतं. म्हणून छिन्नीने थर काढत आत जायचं आणि गुलाबी रंग किती खोल गेलाय ते मोजायचं. तो सळईच्या अलीकडेच थांबला असेल तर जळका थर काढून कॉलमला नवं जॅकेट, म्हणजे भोवती नव्या काँक्रीटचं आवरण, घालता येतं. तो सळईच्या पलीकडे, गाभ्यापर्यंत पोचला असेल तर कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेले काँक्रीटचे नळकांडी नमुने, काढून प्रयोगशाळेत तपासावे लागतात आणि बऱ्याचदा तो कॉलम बदलावाच लागतो. गरम रोल केलेली सळई थंड झाल्यावर गेलेली ताकद बऱ्यापैकी परत मिळवते, काँक्रीट मिळवत नाही, हे लक्षात ठेवावं. उभ्या सळया त्यांना बांधून ठेवणाऱ्या आडव्या रिंगांच्या मधे बाहेर फुगून वाकल्या असतील तर मात्र तो कॉलम वजन सोडून बसलाय असं समजायचं.

स्लॅबच्या बाबतीत एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. स्फोट खालच्या मजल्यावर झाला असेल तर स्लॅब आधी वर उचलला जातो आणि मग खाली बसतो. स्लॅबच्या मध्यभागी सळई असते तळाला, कारण वजन नेहमी वरून येणार असं धरून तो बांधलेला असतो. उलट दिशेच्या धक्क्याला त्याच्याकडे उत्तर नसतं. त्यामुळे भेगा वरच्या बाजूला पडतात आणि फरशीखाली झाकल्या जातात. खालून छत नीट दिसतं म्हणून शिक्का मारून मोकळं होऊ नये. मधली एखादी फरशी उचलून बघावीच.

अशी तपासणी करणारी प्रशिक्षित माणसं कमी पडतात, ही खरी अडचण आहे. पण स्थानिक तरुण इंजिनीअरांना थोड्या दिवसांत पहिल्या पातळीची छाननी शिकवता येते: निर्धोक, दुरुस्तीजोगी, शंकास्पद, धोकादायक. शंकास्पद इमारतींवरच अनुभवी माणसाने वेळ घालवायचा. पुनर्बांधणीचे पैसे हातात आल्यावर पहिला खर्च माझ्या मते यावर व्हावा. नवीन वसाहतीची सुबक चित्रं नंतरही काढता येतील.

आता ढिगारा. तो कचरा समजून शहराबाहेर नेऊन टाकला की दोनदा नुकसान होतं: एकदा वाहतुकीचं डिझेल, आणि मग तेवढीच खडी-रेती नदीतून आणि डोंगरातून नव्याने ओरबाडायची. वर्गवारी जागेवरच, उचलतानाच करावी. आधी ॲस्बेस्टॉस वेगळं काढायचं. जुने सिमेंटचे पत्रे, पाण्याच्या टाक्या, पाइपांवरची गुंडाळी यांत ते असतं. ते ओलं करून, न तोडता, जाड पिशवीत बंद करायचं आणि स्वतंत्र पुरायचं. हे काम साध्या रुमालावर होत नाही, योग्य मास्क लागतो. ढिगारा फोडून खडी करणाऱ्या यंत्रात, म्हणजे क्रशरमध्ये, एकदा ॲस्बेस्टॉस गेलं की त्याची धूळ सगळ्या खडीत आणि सगळ्या मजुरांच्या छातीत जाते, आणि आजार पुढे कित्येक वर्षांनी उघडकीला येतो.

मग लाकूड, दारं-खिडक्या, सळई, अख्ख्या विटा. १९४५ नंतर जर्मन शहरांत बायकांनी ढिगाऱ्यातल्या विटा हातोडीने साफ करून रचल्याची छायाचित्रं अनेकांनी पाहिली असतील. ते शक्य झालं याचं एक कारण बांधकामाशी निगडित आहे. त्या जुन्या घरांपैकी बऱ्याच घरांच्या भिंती चुन्याच्या मालात (विटा जोडणाऱ्या मिश्रणात) बांधलेल्या होत्या. चुना विटेवरून सुटतो. सिमेंटचा कडक माल सुटत नाही, वीट फुटते पण माल जागचा हलत नाही. आजच्या ढिगाऱ्यातून अख्खी वीट कमी हाती लागते ती यामुळे. म्हणून नव्या भिंती बांधताना, जिथे भूकंपाचे नियम परवानगी देतात तिथे, चुना मिसळलेला मऊ माल वापरावा असं मी सांगतो. भिंत थोडी हलली तर तो बारीक हालचाल सोसतो, आणि पुढच्या पिढीला विटा परत मिळतात.

उरलेलं काँक्रीट क्रशरमधून काढून खडी होते. तिला जुना माल चिकटलेला असल्याने ती पाणी फार पिते. तशीच वापरली तर मिश्रणातलं पाणी ओढून घेते आणि गवंडी वरून आणखी पाणी ओततो. काँक्रीट कमजोर होतं ते तिथे. खडी आदल्या दिवशी भिजवून ठेवली की हा त्रास टळतो. सांगाड्याच्या काँक्रीटमध्ये जाड खडीपैकी वीस-तीस टक्के अशी खडी सुखाने चालते. पायाखालचं पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट), रस्त्याचा थर, भिंतीचे ब्लॉक यांत त्याहून कितीतरी जास्त चालते. पाच मिलिमीटरच्या खालची बारीक कच मात्र सांगाड्यात घालू नये. तिच्यात जिप्समच्या गिलाव्याचा चुरा असतो, आणि जिप्सममधलं सल्फेट सिमेंटशी हळूहळू रासायनिक क्रिया करून फुगतं. काँक्रीट आतून तडकतं, आणि तेही लोक राहायला आल्यानंतर.

इराकमधलं मोसूल याचं चांगलं उदाहरण आहे. तिथल्या जुन्या शहराची घरं दगड आणि जिप्समच्या मालाने बांधलेली. २०१७ मध्ये लढाई संपली तेव्हा जुन्या शहरात अशा घरांचे ढीग पडले होते. असा ढीग दळून काँक्रीटमध्ये घालणं धोक्याचं, पण त्याच जिप्समने पुन्हा दगडी भिंत बांधणं हीच तिथली पिढीजात रीत आहे. यात ऊर्जेचं गणितही बाजूने आहे. जिप्सम भाजायला साधारण १५० अंश तापमान पुरतं, चुन्याला ९०० च्या आसपास, आणि क्लिंकरला, म्हणजे दळून सिमेंट होतं त्या भाजलेल्या गोळ्यांना, सुमारे १४५०. पर्यावरणाच्या नावाने बाहेरून नवं तंत्र आणण्याआधी त्या गावची जुनी घरं कशाची होती ते बघावं, असं मी म्हणतो ते यासाठी.

ढिगाऱ्यातून अख्खी वस्ती उभी राहू शकते हे वॉर्सामध्ये दिसतं. तिथला मुरानूफ हा भाग, म्हणजे जिथे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती (घेट्टो) होती तो, नाझींनी जमीनदोस्त केला होता. बोहदान लाखेर्त या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार १९४०च्या दशकाच्या अखेरीस तिथे नवी घरं बांधली गेली. ढिगारा पूर्ण हलवणं अशक्य होतं. म्हणून काही इमारती ढिगाऱ्याच्याच उंचवट्यावर उभ्या राहिल्या आणि त्याच चुऱ्याचे काँक्रीट ब्लॉक करून भिंती रचल्या. आजही तिथे माणसं राहतात. त्या ढिगाऱ्याखाली मारल्या गेलेल्या माणसांचे अवशेषही होते, हे विसरून त्या वस्तीबद्दल नुसतं तांत्रिक कौतुकाने बोलू नये. मृतदेहांचा शोध, ओळख आणि अंत्यसंस्कार पूर्ण होईपर्यंत क्रशर सुरू होता कामा नये. हा नियम कामाच्या कागदात लेखी असावा.

सिमेंटबद्दल थोडक्यात. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या वाट्याला येतो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वायू इंधनाचा नसून चुनखडी तापवताना तिच्यातूनच बाहेर पडतो. भट्टी विजेवर चालवली तरी तो राहतोच. त्यामुळे क्लिंकर कमी वापरणं हाच खात्रीचा उपाय. भाजलेली चिकणमाती आणि दळलेली चुनखडी मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणणारं एलसी-३ सिमेंट स्वित्झर्लंड, क्यूबा आणि भारतातल्या संशोधकांनी मिळून विकसित केलं. त्याने कार्बन सुमारे चाळीस टक्क्यांपर्यंत कमी होतो. जिथे मिळतं तिथे जरूर घ्यावं. पण त्यापेक्षा साधी गोष्ट आधी करावी: जिथे सिमेंटची गरजच नाही तिथे ते घालू नये. एकमजली घराच्या भिंतीला काँक्रीटच्या ताकदीचं काही काम नसतं.

तिथे दाबलेल्या मातीच्या विटा उत्तम. भाजायच्या नाहीत, म्हणजे लाकूड-कोळसा नाही. सुदानच्या डार्फुरमध्ये विस्थापितांच्या छावण्या आणि वाढत्या शहरांभोवती वीटभट्ट्यांनी झाडं संपवत आणली, तेव्हा यूएन-हॅबिटॅट या संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने तिथे मातीच्या विटांची हातयंत्रं आणली. माती वरच्या सुपीक थराखालची घ्यावी. बाटलीत माती आणि पाणी हलवून ठेवलं की वाळू आधी तळाला बसते, मग गाळ, सगळ्यात वर चिकणमाती, आणि थरांच्या जाडीवरून मिश्रण कळतं. निम्म्याच्या आसपास वाळू आणि पाचवा हिस्सा चिकणमाती असेल तर पाच टक्के सिमेंट पुरतं. चिकणमाती फार असेल तर सिमेंटपेक्षा चुना बरा. वीट काढल्यावर सुमारे महिनाभर ओलसर, सावलीत ठेवायची. पाणी मारण्यात कुचराई झाली की विटा पहिल्या पावसात झडतात, आणि दोष मातीच्या माथी मारला जातो. उंच जोतं, बाहेर आलेलं छप्पर, आणि भूकंपाच्या पट्ट्यात कोपऱ्यांत उभ्या सळया आणि लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) पातळीवर सलग पट्टा, एवढं असलं की हे घर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

माती म्हणजे गरिबाचं घर, हा समज फार आड येतो. युद्धात सर्वस्व गमावलेल्या माणसाला वाटतं की आपल्याला दुय्यम काहीतरी दिलं जातंय. ही भावना रास्त आहे, तिला तोंडदेखलं उत्तर देऊ नये. १९४७ पासून पूर्व जर्मनीत कोळसा आणि सिमेंटच्या टंचाईत शेतकऱ्यांसाठी मातीची घरं मोठ्या प्रमाणावर बांधली गेली, हे मी सांगतो. पण पटतं ते शेजारी नमुना घर उभं राहिल्यावर आणि त्यात भर उन्हाळ्यात बसून बघितल्यावर. शिवाय पर्याय खुला ठेवावा. ज्याला ब्लॉकच हवेत त्याला ब्लॉक घेऊ द्यावेत.

तात्पुरत्या घरांबद्दल मी फार सावध आहे. ब्रिटनने १९४४ च्या कायद्यानुसार दीड लाखांहून अधिक तयार घरं उभारली, आयुष्य साधारण दहा वर्षांचं धरून. त्यांपैकी कित्येकांत लोक पुढे अनेक दशकं राहिले. तात्पुरतं घर कायमचं होतंच, हे धरूनच ते बांधावं. म्हणजे पाया, जोतं आणि मोरी पहिल्या दिवसापासून पक्की हवी, भिंती नंतर बदलल्या तरी चालतात.

आधी थोडं पक्कं बांधून पुढे वाढवायच्या घराचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण फिनलंडचं आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाकडे गेलेल्या भागातून चार लाखांवर लोक विस्थापित झाले. त्यांच्यासाठी आणि परतलेल्या सैनिकांसाठी प्रमाण आराखडे काढले गेले. दीड मजली लाकडी घर, मधोमध धुरांडं, त्याच्याभोवती खोल्या, भिंतींत उष्णतारोधक म्हणून लाकडाचा भुसा. खालचा मजला आधी, वरचा माळा कुटुंबाने पैसे जमतील तसा पूर्ण करायचा. बहुतेकांनी ती घरं स्वतःच्या हातांनी बांधली. स्थानिक लाकूड, वाढवता येणारा आराखडा, मालकाची मेहनत. आजही ती घरं राहती आहेत आणि लोक ती आवडीने विकत घेतात.

श्रीलंकेत २००९ मध्ये यादवी युद्ध संपल्यावर उत्तर आणि पूर्व भागात भारताच्या मदतीने हजारो घरं झाली. त्यांतली बहुतेक मालकानेच बांधावीत अशी योजना होती: नव्या घरासाठी साडेपाच लाख श्रीलंकन रुपये, टप्प्याटप्प्याने थेट बँक खात्यात. जोतं झालं की पुढचा हप्ता, छप्पर झालं की त्यापुढचा, आणि दर टप्प्याला तांत्रिक तपासणी. पुढे त्याच भागात ६५,००० पोलादी तयार घरांचा प्रस्ताव आला. ती महाग होती, तिथल्या हवेला आणि वापराला न जुळणारी होती, वाढवायला आणि दुरुस्त करायला अवघड होती, अशी टीका तिथल्याच तज्ज्ञांनी आणि लोकांनी केली आणि प्रस्ताव शेवटी मागे पडला. मालकाच्या हाती पैसा देण्याच्या पद्धतीतही धोके आहेत. एकट्या विधवेवर, वृद्धांवर, अपंगांवर बांधकामाचा सगळा भार पडतो, आणि अनुदान अपुरं पडलं की कुटुंब कर्जात जातं. अशा घरांसाठी गवंड्यांची वेगळी तुकडी आणि माल एकत्र खरेदी करण्याची सोय योजनेतच असावी लागते.

आणि जमीन. बोस्नियात युद्धानंतर दोन लाखांच्या आसपास घरं मूळ मालकांना किंवा भाडेकरूंना परत मिळाली, ती कायदा करून आणि एकेक दावा निकाली काढून. ते काम झालं नसतं तर कितीही पर्यावरणपूरक भिंती उभ्या करून उपयोग नव्हता, कारण दुसऱ्याच्या जागेवर बांधलेलं घर पुन्हा पाडावं लागतं. कागद जळालेले असतात, तेव्हा शेजाऱ्यांची साक्ष, जुनी विजेची बिलं, पाण्याच्या जोडणीची नोंद हे पुरावे ग्राह्य धरावेत. नवी नोंद करताना पती-पत्नी दोघांचं नाव घालावं. युद्धानंतर कितीतरी घरं एकट्या बायका चालवत असतात आणि कागदावर त्यांचं नावच नसतं.

तुम्ही अशा कामात उतरणार असाल तर निविदेतच चार गोष्टी मागा: पाडण्याआधी लेखी तपासणी अहवाल, ढिगाऱ्याची जागेवर वर्गवारी, मजुरांपैकी ठरावीक हिस्सा त्याच वस्तीतला, आणि प्रत्येक घरमालकाला त्याच्या भाषेत दुरुस्तीची पुस्तिका. तिच्यात पाण्याचा निचरा, छपराची वळचण, गिलाव्याची डागडुजी आणि पुढे खोली वाढवायची असेल तर सळया कुठे सोडल्या आहेत याचं रेखाचित्र असू द्या. ठेकेदार पहिल्या बैठकीत तपासणी अहवालाची अट काढून टाकायला सांगेल, वेळ जातो म्हणून. ती अट सोडू नका.